वॉशिंग मशीनची निगा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

वॉशिंग मशीनबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी अकरा या वेळी घेतले आहेत. वास, पांढरे डाग, काळे पापुद्रे, बेअरिंगचा आवाज अशा तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण त्यातल्या निम्म्याअधिक तक्रारींचा माग काढत गेलं की आपण पावडरच्या डब्याशीच येऊन पोहोचतो. म्हणून पहिली दोन उत्तरं जरा लांबली आहेत.

प्रश्न : फ्रंट लोड मशीन दोन वर्षांचं आहे. दार उघडलं की कुबट वास येतो, दाराच्या रबरावर काळे ठिपके पडले आहेत आणि टॉवेल धुऊन वाळवले तरी ओले झाले की पुन्हा वास मारतात. सुगंधी लिक्विड वापरून पाहिलं, चार दिवसांत पुन्हा तेच.

उत्तर : सुगंधी लिक्विडनं वास झाकला जातो, वास धरणारा थर मात्र वाढतो. न विरघळलेला साबण, अंगाचं तेल आणि कपड्यांचे धागे यांचा बुळबुळीत थर ड्रमच्या मागच्या बाजूला आणि रबराच्या घडीत साचतो. फ्रंट लोडचं दार घट्ट बसतं, त्यामुळे आत ओल टिकते आणि या थरावर बुरशी व जिवाणू वाढतात. नेहमी थंड पाण्यात धुणं आणि प्रत्येक वेळी सॉफ्टनर घालणं, या दोन सवयींनी त्याला आणखी खतपाणी मिळतं.

आधी रबर घ्या. प्लग काढा. रबराची घडी खालच्या बाजूनं, म्हणजे घड्याळात सहाचा आकडा असतो तिथे, बोटांनी बाहेरच्या अंगाला उलटवा. आत पाणी निचरण्यासाठी दोन-तीन बारीक भोकं असतात. केस, धाग्यांचा लगदा, कधी एखादं बटण तिथेच अडकलेलं सापडतं. भोकं बुजली की घडीत पाणी साचून राहतं आणि वासाची सुरुवात तिथूनच होते. लगदा काढून कापसाच्या काडीनं भोकं मोकळी करा. काळ्या ठिपक्यांसाठी १ लिटर साध्या पाण्यात सुमारे ५० मिली क्लोरिन ब्लीच मिसळा, त्यात जुनं फडकं भिजवून घडीत १५-२० मिनिटं दाबून ठेवा, मग ओल्या फडक्यानं दोनदा पुसा आणि मशीन रिकामं ठेवून एक रिन्स लावा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. ठिपके रबराच्या आत मुरले असतील तर खुणा राहतील. बुळबुळीतपणा आणि वास गेला असेल तर त्या खुणांच्या मागे लागू नका. ब्लेडनं किंवा तारेच्या काथ्यानं खरवडलं तर रबर फाटेल.

नंतर पावडरचा खण. मधली कळ दाबून तो पूर्ण बाहेर येतो. सॉफ्टनरच्या कप्प्यातली टोपी उपटून धुवा. त्या कप्प्यात दर धुण्यानंतर भरपूर पाणी उरत असेल तर टोपीखालची नळी बुजलेली असते. खण बाहेर असतानाच टॉर्चनं आतली पोकळी बघा. तिच्या छतावर बहुतेक घरांत काळी बुरशी असते आणि पाणी तिच्यावरूनच कपड्यांवर जातं. दात घासायच्या जुन्या ब्रशनं ती घासून काढा.

मग ड्रम क्लीन किंवा ६० अंशांचा कॉटन प्रोग्रॅम रिकाम्या मशीनमध्ये चालवा, आणि पुढे महिन्यातून एकदा चालवत राहा. टॉवेल आणि अंतर्वस्त्रंही ६० अंशांवर, सॉफ्टनर न घालता धुवा. सॉफ्टनरचा मेणचट थर बसला की टॉवेल पाणी टिपेनासा होतो.

रोजचं काम एक मिनिटाचं आहे. धुणं झालं की कपडे लगेच काढायचे, रबराची घडी कोरडी पुसायची, दार चार बोटं आणि खण अर्धा उघडा ठेवायचा. घरात लहान मूल असेल तर दार उघडं ठेवण्याआधी विचार करा. मुलं ड्रममध्ये शिरतात. अशा घरात मशीनच्या खोलीचं दार बंद राहील अशी सोय करा, नाहीतर मोठं माणूस समोर असेपर्यंतच दार उघडं ठेवा.

प्रश्न : गडद कपड्यांवर पांढरे ओरखडे येतात. पावडर कमी पडत असेल म्हणून वाढवली, तर ओरखडेही वाढले. नेमकी किती घालावी?

उत्तर : पावडर वाढवल्यावर ओरखडे वाढले, यातच उत्तर आहे. जास्तीची पावडर धुतली जात नाही, ती कपड्यात आणि मशीनमध्ये राहते. फ्रंट लोडमध्ये कपडे वर उचलले जातात आणि खाली आपटतात, त्या आपटण्यानं मळ सुटतो. फेस जास्त झाला की कपडे गादीवर पडल्यासारखे पडतात आणि मळ तसाच राहतो. पंपालाही फेस खेचता येत नाही. काही मशीन्स फेस ओळखून जादा रिन्स घेतात, म्हणून प्रोग्रॅम लांबलेला दिसतो.

घरी करता येण्याजोगी एक परीक्षा आहे. धुऊन वाळवलेले चार-पाच टॉवेल पावडर अजिबात न घालता ४० अंशांवर लावा आणि दहा मिनिटांनी काचेतून बघा. काचेवर फेस चढलेला दिसला, तर तो मागच्या धुण्यांचा टॉवेलमध्ये उरलेला साबण आहे. फेस दिसेनासा होईपर्यंत हेच दोन-तीनदा करा, आणि नंतर पावडरचं माप एक तृतीयांशानं कमी करा.

पाकिटावरचं माप ठरावीक किलो कपड्यांसाठी असतं, त्यामुळे कपडे किती आणि पाणी कसं हे बघूनच ते वापरायचं. पावडरीला दोन कामं असतात : पाण्यातले क्षार आवरणं आणि मळ सोडवणं. मशीन अर्धं भरलं तर मळ निम्मा होतो, पाणी मात्र निम्मं होत नाही. म्हणून अर्ध्या कपड्यांना निम्म्याऐवजी साधारण दोन तृतीयांश माप घ्या. डोळ्यांच्या अंदाजानं हमखास जास्त पडते. ठरलेली पावडर एकदा वजनकाट्यावर मोजा, मापाच्या पेल्यावर त्या उंचीला मार्करनं रेघ ओढा आणि पुढे रेघेपर्यंतच भरा. फ्रंट लोडमध्ये कमी फेसाची, त्याच मशीनसाठीची पावडर घाला. हातानं धुण्याची पावडर मुद्दाम फेसाळ केलेली असते.

लिक्विड विरघळायला सोपं आणि गडद कपड्यांना चांगलं. पण बऱ्याच पावडरींमध्ये ऑक्सिजन ब्लीच असतं, ते लिक्विडमध्ये सहसा नसतं. त्यामुळे कायम लिक्विड आणि कायम थंड पाणी अशा घरांत बुरशी लवकर धरते. पांढरे कपडे आणि टॉवेल पावडरनं, गडद कपडे लिक्विडनं अशी वाटणी चांगली चालते.

आणि ड्रम कोंबू नका. सुती कपडे भरल्यावर वर आडवी मूठ फिरेल एवढी जागा हवी. सिंथेटिक कपड्यांना ड्रम निम्म्यापर्यंतच भरा. कोंबलेल्या ड्रममध्ये पाणी घड्यांच्या आत पोचतच नाही आणि ओरखडे घड्यांवरच उमटतात.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं क्षाराचं पाणी आहे. कुणी सिट्रिक ॲसिड सांगतं, कुणी व्हिनेगर, कुणी ब्लीच. काय वापरावं?

उत्तर : पाणी खरंच जड आहे का ते आधी बघा. पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, अंगाच्या साबणाचे चार-पाच पातळ काप टाकून जोरानं हलवा. भरपूर फेस आणि खाली नितळ पाणी असेल तर पाणी हलकं. फेस नावाला आणि पाणी दुधासारखं गढूळ झालं तर जड.

जड पाणी तापलं की त्यातला चुना हीटरवर बसतो. थर जाड झाला की हीटरची उष्णता पाण्यात उतरत नाही, वीज जास्त जाते आणि शेवटी हीटर जळतो. यावर सिट्रिक ॲसिड चांगलं. १०० ग्रॅम पूड रिकाम्या ड्रममध्ये टाकून ६० अंशांचा प्रोग्रॅम लावा, मग एक जादा रिन्स. जड पाण्याला तीन-चार महिन्यांतून एकदा पुरे. ड्रम मागून ज्या आधारावर बसवलेला असतो तो बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि आम्ल त्याला खातं, म्हणून दर आठवड्याला हा प्रयोग करू नका. व्हिनेगर फार सौम्य, त्यानं थर निघायला भरपूर लागतं आणि वारंवार वापरलं तर रबरावर परिणाम होतो.

ब्लीचनं चुना निघत नाही, ते बुरशीसाठी आहे. आणि ब्लीच व कुठलंही आम्ल एकत्र कधीही करू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो, तो फुप्फुसांना घातक आहे. दोन्ही वापरायची असतील तर मधे एक-दोन दिवस आणि किमान दोन पूर्ण रिन्स जाऊ द्या.

प्रश्न : टॉप लोडमध्ये धुतलेल्या कपड्यांना काळपट, ओल्या कागदासारखे पापुद्रे चिकटतात. ड्रम तर आतून लखलखीत आहे.

उत्तर : पापुद्रे ड्रमच्या बाहेरच्या अंगाचे आहेत, तिथे आपली नजर जात नाही. मशीन कोमट पाण्यानं सर्वांत वरच्या पातळीपर्यंत भरा (५० अंशांच्या आसपास, उकळतं नको). २०० ग्रॅम ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, बादलीत विरघळवून ओता. पाच मिनिटं फिरवा, मशीन थांबवून तीन-चार तास भिजू द्या, पुन्हा दहा मिनिटं फिरवा. पाण्यावर काळा गाळ तरंगायला लागेल. तो पाणी सोडण्याआधीच बारीक जाळीनं गोळा करून काढा, नाहीतर सगळा पंपात जाऊन बसेल. मग दोन रिकाम्या रिन्स. पहिल्या खेपेला गाळ फार निघाला तर आठवड्यानं पुन्हा करा.

ज्या मशीनमध्ये तळाची चकती मधल्या एका स्क्रूवर असते, तिथे प्लग काढून, स्क्रू सोडवून चकती वर उचलता येते. तिच्या भोकांत मजबूत दोरीचे दोन फास अडकवून सरळ वर ओढा. एका बाजूनं स्क्रूड्रायव्हर घालून उचकटली तर कडा तुटते. धाग्यांची जाळीदार पिशवीही बघा. ती फाटली असेल तर घासत बसू नका, नवी घाला.

प्रश्न : धुणं संपतं, पण ड्रममध्ये पाणी राहतं आणि दार उघडत नाही.

उत्तर : बहुतेक वेळा पंपाची जाळी तुंबलेली असते. फ्रंट लोडच्या खालच्या कोपऱ्यात लहान झाकण असतं, त्यामागे ती असते. गरम पाण्याचा प्रोग्रॅम असेल तर पाणी निवू द्या. प्लग काढा. झाकणामागे बारीक रबरी नळी असेल तर तिचं बूच काढून पाणी परातीत घ्या. परात भरत आली की बूच लावा, परात ओता आणि पुन्हा खाली धरून बूच काढा. पाणी बरंच निघतं, घाई केली तर सगळं जमिनीवर येईल. धार थांबल्यावर जाळीची मूठ डावीकडे हळूहळू फिरवून बाहेर ओढा.

नाणी, केसांच्या पिना, बटणं, धाग्यांचा बोळा काढून जाळी वाहत्या पाण्यात धुवा. मग टॉर्चनं आत बघा. आत पंपाचा छोटा पंखा असतो. काठीच्या टोकानं फिरवला तर तो अडत-अडत, टप्प्याटप्प्यानं फिरेल. आतल्या चुंबकामुळे असं होतं, हा बिघाड समजू नका. मुळीच फिरत नसेल तर केस किंवा दोरा गुंडाळलेला आहे, तो चिमट्यानं सोडवा. जाळी बसवताना आटे नीट धरा, घट्ट करा, ड्रममध्ये लिटरभर पाणी ओतून थेंब गळतोय का ते बघा, मगच झाकण लावा. हे काम महिना-दोन महिन्यांनी करत गेलात तर पाच मिनिटांत होतं. आणि कपडे टाकण्याआधी खिसे झटका.

प्रश्न : मशीन पाणी फार हळू घेतं, मधेच ‘पाणी नाही’ असा इशारा देऊन थांबतं. नळाला तर पाणी असतं.

उत्तर : नळ बंद करा, मशीनच्या मागची नळी सोडवा. जोडाच्या तोंडात प्लास्टिकची बारीक जाळी दिसेल. मधला उंचवटा पकडीत धरून सरळ ओढा, रेती आणि गंज ब्रशनं काढा, परत बसवा. नळीची प्लास्टिकची चकरी हातानंच आवळा. पान्यानं आवळली तर आटे जातात.

जाळी स्वच्छ असूनही तेच होत असेल तर पाण्याचा दाब बघा. पुष्कळ मशीन्सना किमान ०.५ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनपेक्षा सुमारे ५ मीटर उंच हवी. वरच्या मजल्यावर, टाकी अगदी डोक्यावर असेल तर तेवढा दाब मिळत नाही. अशा वेळी कमी दाबावर चालणारा व्हॉल्व्ह किंवा छोटा प्रेशर पंप हाच मार्ग.

याच्या उलट तक्रारही येते : मशीन पाणी भरतंय आणि त्याच वेळी ते निघूनही जातंय. तिथे सांडपाण्याची नळी तपासा. तिचं वळण जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर हवं आणि टोक पाइपात १५ सेंटिमीटरपेक्षा खोल नको. नळी जमिनीवर लोळत ठेवली तर पाणी आपसूक ओढलं जातं.

प्रश्न : घर बदलल्यापासून मशीन स्पिनमध्ये थरथरतं आणि जागेवरून सरकतं.

उत्तर : नेण्याआणण्यासाठी मागच्या बाजूनं तीन-चार लांब बोल्ट लावले होते का? ते काढायचे राहिले असतील तर मशीन आत्ताच बंद करा, अशा अवस्थेत स्पिन झालं तर आतले भाग मोडतात. बोल्ट काढून जपून ठेवा, पुढच्या वेळी लागतील.

बोल्ट काढलेले असतील तर पाय बघा. मशीनच्या वरच्या दोन तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर हात ठेवून आळीपाळीनं दाबा, मग उरलेल्या जोडीवर. डुललं तर हवेत असलेला पाय खाली उतरवा आणि पाणसळ ठेवून दोन्ही दिशांनी पातळी बघा. शेवटी प्रत्येक पायावरचा नट वर, मशीनच्या तळाला टेकेपर्यंत आवळा. लोक नेमकं हेच विसरतात आणि पाय पुन्हा सैल होतात. मशीनखाली लाकडाची फळी किंवा हलता स्टँड नको.

फक्त काही धुण्यांनाच थरथर होत असेल तर कपड्यांचा दोष. एकटी जीन्स किंवा एकटं पायपुसणं एका बाजूला गोळा होतं, त्याच्याबरोबर दोन-तीन टॉवेल टाका. गादीच्या खोळीची तोंडं बंद करा, नाहीतर बाकीचे कपडे तिच्यात शिरून गोळा होतो.

प्रश्न : स्पिनला विमान उडाल्यासारखा आवाज येतो. किती दिवस चालवता येईल?

उत्तर : आधी आवाज ओळखा. रिकामं मशीन स्पिनला लावा. टणटण किंवा खरखर आली तर नाणं किंवा ब्रेसियरची तार ड्रम आणि बाहेरच्या टबाच्या मधे गेली आहे. असे कपडे जाळीच्या पिशवीतच धुवा. रिकाम्या मशीनमध्येही वेगाबरोबर चढत जाणारी घरघर असेल तर बेअरिंग, म्हणजे ड्रमचा दांडा (शाफ्ट) ज्या गोळ्यांवर फिरतो तो भाग, खराब आहे.

खात्रीसाठी प्लग काढा, ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवा. रबरासकट सगळं एकत्र हललं तर ते स्प्रिंगवरचं हलणं आहे, ठीक. ड्रम एकटाच खुटखुट हलला तर बेअरिंग गेलं. मागच्या बाजूनं तपकिरी, गंजट पाण्याचे ओघळ दिसले तर रबरी सीलही गेलं. सीलमधून पाणी शिरतं, ग्रीस धुऊन जातं, मग गोळ्या गंजतात. तसंच चालवत राहिलात तर शाफ्ट झिजतो आणि खर्च वाढतो, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत जोराचं स्पिन बंद ठेवा. काही मशीन्सचा टब कायमचा जोडलेला असतो, तिथे एका बेअरिंगसाठी पूर्ण टब बदलावा लागतो. काम देण्यापूर्वी हे विचारून घ्या.

प्रश्न : मशीनला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. मेकॅनिक म्हणाला, चालतं एवढं.

उत्तर : हे चालत नाही. अर्थिंग नीट होईपर्यंत मशीन लावू नका. मशीनमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंगची तार तुटलेली असेल तर त्यांच्यातून पत्र्यावर अत्यंत कमी करंट पण निम्म्याच्या आसपास व्होल्टेज येतं, त्याच्या या झिणझिण्या. तेवढ्यावर भागतं असं वाटतं, पण उद्या हीटर फुटून वीज पत्र्यावर आली तर तिला जायला तुमच्या शरीराखेरीज वाट नसेल.

इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग मोजून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. हीटरवालं मशीन २ किलोवॅटच्या आसपास वीज घेतं, २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट हवं, एक्स्टेन्शन बोर्ड नको.

प्रश्न : सेमी-ऑटोमॅटिकचा ड्रायर नुसता गुंई आवाज करतो, फिरत नाही.

उत्तर : प्लग काढा, दोन्ही झाकणं लावा. ड्रायरचा ब्रेक झाकणाच्या तारेनं सुटतो, त्यामुळे झाकण उघडं ठेवून फिरवलात तर तो घट्टच लागणार. मागचा पत्रा काढल्यावर ड्रायरच्या मोटरवरचा जोड हातानं फिरवून बघा. घट्ट असेल तर ब्रेकची तार सैल झाली आहे किंवा टबाखाली एखादा मोजा गुंडाळला आहे. सहज फिरत असेल आणि तरी मोटर गुणगुणत असेल तर बहुधा कपॅसिटर उतरला आहे. तो प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवतो, म्हणून हात न लावता मेकॅनिककडून बदलून घ्या. कपडे ड्रायरमध्ये चारी बाजूंना सारखे दाबा आणि वर जाळीची चकती ठेवायला चुकू नका. टब पूर्ण थांबेपर्यंत हात आत घालू नका.

प्रश्न : मशीनला प्लास्टिकचं कव्हर घालावं का?

उत्तर : धूळ किंवा उन्हाचा त्रास असेल तर घाला, पण धुणं झाल्यावर किमान चार-पाच तासांनी, आतली ओल सुकल्यावर. मागची बाजू मोकळी राहील असं कव्हर घ्या.